सामायिक फोल्डरमधील डेटाबेसची प्रत आणि ग्रंथालयीन नोंदींची सुरक्षितता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव होय. अशा ग्रामीण परिसरातील महाविद्यालयांत संगणक व्यवस्थापकाचे स्वतंत्र पद क्वचितच असते. ती जबाबदारी बहुधा ग्रंथपालावरच येते. इन्फ्लिबनेटच्या 'सोल'सारख्या प्रणालीतील डेटाबेसची प्रत थेट नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवणे त्यास सोयीचे वाटते. प्रस्तुत लेखात या सोयीची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पहिला गैरसमज फाईल कोण लिहितो, याविषयीचा आहे. आज्ञा ग्रंथपाल देतो. परंतु एसक्यूएल सर्व्हरमध्ये बॅकअप फाईल सर्व्हर-सेवेच्या खात्याने लिहिली जाते. म्हणून ग्रंथपालाला दिसणारा नेटवर्क ड्राइव्ह त्या सेवेला सहसा दिसत नाही आणि बॅकअप अयशस्वी होतो. मायएसक्यूएलची 'इनटू आउटफाइल' आज्ञाही फाईल सर्व्हरकडूनच लिहविते. 'मायएसक्यूएलडम्प' मात्र ज्या संगणकावर चालवावे तेथून लिहिते.

हा भेद न जाणता फोल्डर सर्वांसाठी खुले केले जाते. हा उपाय मूळ अडचणीहून घातक होय. वाचकांची नावे, पत्ते व देवघेवीच्या नोंदी त्यामुळे कोणालाही वाचता वा पुसता येतात. मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' विंडोजच्या फाईल-सामायिकीकरणातील त्रुटीतून पसरला. तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'मुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. खंडणीखोर प्रणाली पोहोचता येणाऱ्या सामायिक फोल्डरमधील फाईलीही कुलूपबंद करते. अशा वेळी मूळ नोंदी आणि त्यांची प्रत एकाच वेळी हातची जाते.

तथापि ही पद्धत सर्वस्वी त्याज्य नाही. सर्व्हरची डिस्क निकामी झाल्यास दुसऱ्या संगणकावरील प्रतच उपयोगी पडते. मात्र नेटवर्क मध्येच तुटल्यास ती अपूर्ण राहते. त्यामुळे प्रत आधी सर्व्हरच्या डिस्कवर पूर्ण करून नंतर हलविणे अधिक इष्ट ठरते.

निष्कर्ष :
सामायिक फोल्डर हे प्रतीचे साधन आहे, संरक्षणाचे नव्हे. लेखनाची परवानगी केवळ सेवेच्या खात्यास द्यावी, एक प्रत नेटवर्कपासून विलग ठेवावी आणि ती पुन्हा उघडून नियमितपणे तपासावी. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाल्यानंतर हा प्रश्न ग्रंथपालाच्या तांत्रिक कौशल्यापुरता उरलेला नसून, तो संस्थेच्या उत्तरदायित्वाचा झाला आहे.