शीघ्र हस्तक्षेपासाठीचे मनुष्यबळ-प्रशिक्षण : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना

विशेष गरजा असणाऱ्या बालकांच्या बाबतीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतचा काळ निर्णायक असतो, हे विधान आता शिक्षणशास्त्राचा कोणताही विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. विधान खरे आहे. तथापि त्या काळात बालकाजवळ नेमके कोणी असावे आणि त्या व्यक्तीला काय करता यावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे अभावानेच होते. केंद्रे किती उघडली, तपासण्या किती झाल्या, उपकरणे कोणती आली यांची आकडेवारी अहवालांतून मिळते. प्रशिक्षणाचा आशय मात्र बहुधा परिशिष्टात जाऊन बसतो. प्रस्तुत लेखात या आशयाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. आपली प्रशिक्षणरचना बालकातील उणीव ओळखणारी माणसे घडवते. ओळख पटल्यानंतर त्या घराशी वर्ष-दोन वर्षे नाते ठेवून काम करणारी माणसे घडवणे ही आपली जबाबदारी आहे, असे तिने अद्याप मानलेले नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे. 'शीघ्र हस्तक्षेप' हा शब्द शासकीय मराठीत रूढ झाला आहे. परंतु व्यवहारातील मराठीत हस्तक्षेप हा बहुधा नको असतो. न्यायालय हस्तक्षेपास नकार देते, पुढारी कारभारात हस्तक्षेप करतात, शेजाऱ्याने घरच्या भांडणात तो करू नये अशी अपेक्षा असते. जी व्यक्ती तान्ह्या मुलाच्या आईशेजारी बसून तिच्याच हातांनी काही घडवून आणणार आहे, तिच्या कामाला हे नाव मिळावे हा केवळ भाषांतराचा अपघात आहे. प्रस्तुत लेखातही रूढ संज्ञाच वापरली आहे, कारण दुसरी सर्वमान्य नाही. पण ज्या प्रशिक्षणात आईशी बोलायचे कसे याला गौण स्थान आहे, त्या प्रशिक्षणाला हे नाव एका अर्थी शोभून दिसते.

प्रवर्गनिहाय विभागणी आणि तान्हे मूल

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला. या क्षेत्रातील अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि प्रशिक्षित व्यक्तींची केंद्रीय नोंदवही ठेवणे ही कामे त्यामुळे एका वैधानिक संस्थेकडे आली. अप्रशिक्षित हातांत ही मुले पडू नयेत हा हेतू स्तुत्य होता आणि त्याचा लाभही झाला. परंतु अभ्यासक्रम उभे राहिले ते प्रामुख्याने अपंगत्वाच्या प्रवर्गांनुसार. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता असे कप्पे पडले. बालपूर्व विशेष शिक्षणाच्या पदविकांच्या नावांतही प्रवर्ग जोडलेला राहिला. शालेय वयाच्या मुलासाठी ही विभागणी काही प्रमाणात समजण्यासारखी आहे. अंध मुलाला ब्रेल शिकवणारा शिक्षक आणि कर्णबधिर मुलाला भाषा शिकवणारा शिक्षक यांची कौशल्ये भिन्न असतात.

आठ-दहा महिन्यांचे मूल मात्र असा कप्पा घेऊन येत नाही. मान सावरत नाही, हाक मारली तर वळत नाही, नजर ठरत नाही असे तिन्ही एकाच वेळी दिसू शकते. त्यामागे एकच कारण आहे की तीन, हे कळायला काही महिने जातात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाला श्रवणदोष व हृदयदोष असू शकतो. मेंदूच्या पक्षाघातासोबत दृष्टीच्या अडचणी वारंवार आढळतात. अशा वेळी एकाच प्रवर्गाचे प्रशिक्षण घेतलेला व्यावसायिक आपल्या वाट्याचा तुकडा पाहतो आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या दारी पाठवतो. आई मात्र एकच असते आणि तिला प्रत्येक दारी वेगळा गृहपाठ मिळतो.

या अडचणीची जाणीव धोरणकर्त्यांना झालेली नाही असे म्हणता येणार नाही. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय संस्था व संयुक्त प्रादेशिक केंद्रे यांच्या आवारांत १४ सर्वसमावेशक शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू करण्यात आली. सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठीच्या सेवा एका छताखाली आणणे हा त्यांचा उद्देश होय. मुंबईच्या वाट्याला त्यांतील एक केंद्र आले. छत एक झाले ही मोठीच सोय आहे. पण त्या छताखाली बसणाऱ्या व्यक्तींना परस्परांच्या क्षेत्राचे पुरेसे ज्ञान देणारे शिक्षण हा वेगळा प्रश्न आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेतील शीघ्र हस्तक्षेपाच्या पदव्युत्तर पदविकेसारखे, निरनिराळ्या शाखांच्या पदवीधरांना एका वर्गात आणणारे प्रयत्न अपवादच म्हणावे लागतील.

चाळणीचे शास्त्र आणि तिच्या पलीकडचे काम

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून झाला. जन्मतः असणारे दोष, जीवनसत्त्वादींच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत सुमारे ३० आरोग्यस्थिती निश्चित करण्यात आल्या. आयुष वैद्यक, परिचारिका व औषधनिर्माता यांच्या फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतील बालकांची तपासणी करावी आणि गरजेनुसार त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावे, अशी रचना आहे. इतक्या मोठ्या प्रमाणावर बालतपासणीचा विचार होणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

तपासणीच्या साधनांबाबतही आपल्याकडे अभिमान बाळगावा असे काम झाले आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात बेली यांच्या विकासमापन श्रेणीचे भारतीय बालकांवर प्रमाणीकरण केले. त्यातून आकाराला आलेल्या भारतीय श्रेणीत कारक विकासाची ६७ आणि मानसिक विकासाची १६३ अशी एकूण २३० पदे आहेत. अडीच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी ती वापरली जाते. पुढे त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने बडोद्याच्याच निकषांतून १७ पदे निवडून दोन वर्षांखालील बालकांसाठी तपासणी-तक्ता तयार केला. एक पट्टी उभी धरली की मुलाच्या वयाच्या डावीकडे राहिलेली पदे दिसावीत, इतका तो सोपा आहे. २३० वरून १७ वर येणे ही चाळणीची गरज होती आणि ती उत्तम रीतीने भागली.

मात्र प्रशिक्षणाच्या दृष्टीने एक गोष्ट या संक्षेपात हरवली आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मोठी श्रेणी वापरणारा परीक्षक मुलासोबत बराच वेळ बसतो. मूल वस्तू उचलत नाही एवढेच तो टिपत नाही. ते कसे उचलत नाही हेही त्याच्या नजरेला पडते. मूठ उघडतच नसेल तर एक अर्थ, नजर वस्तूपर्यंत पोहोचत नसेल तर दुसरा. मूल दिवसभर कडेवर किंवा झोळीत असल्याने जमिनीवर ठेवलेल्या वस्तूशी त्याची गाठच पडलेली नसेल तर तिसरा. तक्त्यावर तिन्हींची खूण सारखीच उमटते. आईला उद्यापासून काय करायचे ते मात्र तिन्हींत वेगळे आहे. शीघ्र हस्तक्षेपाचे खरे कौशल्य या भेदात आहे. प्रशिक्षणार्थीला तक्ता भरता येतो की नाही हे तपासणे सोपे असल्याने आपण तेच तपासतो.

येथे बहुधा दिल्या जाणाऱ्या एका संशोधनाचा विचार करणे अगत्याचे आहे. योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कोलोरॅडोतील १५० कर्णबधिर व अल्पश्रवण बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या ७२ बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्या ७८ बालकांपेक्षा सरस आढळली. आपल्याकडील व्याख्यानांत हा दाखला 'लवकर ओळखा' एवढ्यासाठीच येतो. परंतु या सर्व बालकांना निदानानंतर सरासरी दोन महिन्यांत प्रत्यक्ष सेवा सुरू झाली होती, हे त्याच अभ्यासात नमूद आहे. लवकर निदान झालेल्यांचा लाभ त्या सेवेपासून वेगळा काढता येत नाही. निदान लवकर होऊन घर तसेच ताटकळत राहिले, तर आईच्या पदरी काळजी तेवढी लवकर पडते.

जिल्हा केंद्रातील पदरचनेकडे या संदर्भात पाहावे. तेथे 'शीघ्र हस्तक्षेपक-सह-विशेष शिक्षक' असे जोडनावाचे पद आहे. 'सह' हा शब्द फार मोठे ओझे वाहतो. विशेष शिक्षकाचे शिक्षण वर्गखोली, पाठ, अध्ययनसाहित्य यांभोवती झालेले असते. तान्ह्या मुलाबरोबर काम करणाऱ्याला वर्गखोली नसते. त्याचे साहित्य म्हणजे त्या घरातील वाटी, गोधडी, दाराचा उंबरा, मोठी बहीण. शिवाय त्याचा खरा विद्यार्थी बहुतेक वेळा प्रौढ असतो. या दोन भूमिका एका माणसाला पेलणार नाहीत असे नाही, पण दुसरीचे शिक्षण त्याला कोठे मिळाले, हा प्रश्न उरतोच.

अंगणवाडी सेविका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४७ मध्ये शिक्षक, डॉक्टर, परिचारिका यांच्यासोबत आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या शिक्षणक्रमांतही अपंगत्व हा घटक अंतर्भूत करण्याचे सांगितले आहे. मात्र त्याच कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या सहाव्या वर्षी सुरू होतो. सहा वर्षांखालच्या बालकासाठी तपासणीची तरतूद आहे. तपासणीनंतरच्या शिक्षणावर मात्र त्याचा तसा स्पष्ट हक्क नाही. प्रशिक्षणाचा तोल ओळखीकडे का झुकतो याचे एक कारण येथे सापडते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. प्राथमिक लक्षणे हेरणे, बालकाचा समावेश व कुटुंबाचे सक्षमीकरण, आणि पुढील संदर्भसेवा असे तिचे तीन टप्पे आहेत. कुटुंबाला मधले स्थान दिले ही या दस्तऐवजाची जमेची बाजू. आता हा मधला टप्पा शिकवायचा कसा? आपल्याकडे प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याकडे, तेथून प्रकल्पाकडे आणि मग बीटपर्यंत झिरपते. लक्षणांची यादी अशा प्रवासात बऱ्यापैकी टिकते. पोर बोलत नाही म्हणून सासरचे आईलाच बोल लावत आहेत, अशा घरात पहिले वाक्य कोणते बोलावे, हे झिरपत नाही. ते कोणाच्या तरी सोबत त्या घरी जाऊनच शिकावे लागते.

भाषेचा प्रश्न तर याहून बिकट. 'मूल दोन शब्द जोडून बोलते का?' हा प्रश्न निरुपद्रवी वाटतो. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यावर आई वारलीत बोलते, सेविका कधी वारलीत कधी मराठीत, आणि पथकातील वैद्य प्रमाण मराठीत विचारतो. दोन शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे हे तक्ता सांगत नाही. वाचा-उपचारांच्या उच्च शिक्षणाचे माध्यम तर इंग्रजीच आहे.

याच परिसरात ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, बालशिक्षण पाड्यावरच्या अंगणात नेले. 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगाचा. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने पुढे तो देशभर नेला. ताराबाईंचे कार्य पूर्वप्राथमिक शिक्षणाचे होते, अपंग बालकांसाठीचे नव्हे, तेव्हा त्यांना या विषयाच्या आद्य प्रवर्तक ठरवण्याचा मोह टाळलेला बरा. परंतु मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, आणि शिक्षिकेची घडण तेथेच व्हावी, ही त्यांची पद्धत होती. शब्द आपण स्वीकारला, पद्धतीचा विसर पडला.

सेविकेवर आधीच कामाचा भार आहे, त्यात ही भर कशाला, असा आक्षेप येथे येईल. तो योग्यच आहे. मानधनावर राबणाऱ्या बाईला आणखी एक नोंदवही देऊन हा प्रश्न सुटणार नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९६९ मध्ये सुरू झालेल्या पोर्टेज प्रकल्पात प्रशिक्षित गृहभेटकर्ता आठवड्यातून एकदा घरी जाई आणि आठवड्याभरात साधेल एवढेच छोटे उद्दिष्ट पालकांसोबत ठरवी. भेट देणारे सगळेच पदवीधर तज्ज्ञ नव्हते. त्यांच्या पाठीशी मात्र नियमित पर्यवेक्षण होते. आपल्याकडे जिल्हा केंद्रातील तज्ज्ञ महिन्यातून ठराविक दिवस बीटवर जाऊन सेविकेसोबत घरे पाहील, आणि ते दिवस त्याच्या कामाच्या मोजमापात धरले जातील, एवढे झाले तरी प्रशिक्षणाचे स्वरूप बदलेल. त्यासाठी सेविकेला जादा मोबदला हवा, हेही त्याच आदेशात लिहिले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयांचाही येथे संबंध येतो. २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळेविषयीची अभ्यासपत्रिका आणि २० आठवड्यांची छात्रसेवा आली. ही छात्रसेवा आपण शाळांतच मोजतो, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला भेटणारे विशेष गरजा असणारे सर्वांत लहान मूलही सहा वर्षांचे असते. अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत छात्रसेवेतील किमान दोन आठवडे अंगणवाडी व गृहभेटींसाठी राखून ठेवण्याचा, आणि त्यांचे मूल्यमापन पाठटाचणावर न करता विद्यार्थ्याने पालकाशी साधलेल्या संवादाच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर करण्याचा ठराव मांडता येईल. निरीक्षण कोणी करायचे हा प्रश्न अर्थातच आपल्यापाशी येऊन थांबेल, कारण अशा घरात बसून बोलण्याचे शिक्षण आपल्यापैकी फार थोड्यांनी घेतले आहे. तेव्हा पहिल्या वर्षीच्या गृहभेटींत विद्यार्थ्यांसोबत प्राध्यापकांचीही नावे घालावी लागतील.