बावीस हजार चंद्र आणि एक वजनकाटा

२ एप्रिल १९३६ ते २ डिसेंबर १९९८. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांच्या वडिलांचं आयुष्य एवढं. दिवसांत मोजलं तर २२,८८९. ‘एपिलॉग’ (२०१०-११) या कलाकृतीत कल्लाट यांनी वडिलांच्या वाट्याला आलेल्या रात्रींचे तेवढेच चंद्र मांडले आहेत. एका महिन्याचे चंद्र एका फोटोप्रिंटवर, असे ७५३ प्रिंट. जवळ गेलं की कळतं, ती पोळी आहे. कुठं पूर्ण, कुठं अर्धी खाल्लेली, कुठं नुसती कोर.

नारायण सुर्वे वाचलेल्या मराठी माणसाला भाकरी आणि चंद्राचं नातं समजावून सांगावं लागत नाही. कल्लाट यांनी त्याच नात्यातून बापाच्या वयाचं माप काढलं. अमावास्येनंतर पोळी पुन्हा भरत जाते, महिन्यामागून महिना. शेवटच्या प्रिंटनंतर मात्र ती भरत नाही.

माझं रोजचं काम डेटाचं. दोन तारखांमधले दिवस काढायला कोडची एक ओळ पुरते, त्यामुळं नुसत्या आकड्यानं मी भारावणार नव्हतो. पण इथं आकडा एका ओळीत उरकलेला नाही. प्रत्येक रात्रीला तिची पोळी मिळाली आहे. म्हणूनच मोबाईलवर ही कलाकृती पुरती दिसत नाही. सगळे प्रिंट एकदम बघायला गेलं तर ठिपक्यांची रांगोळी होते, झूम केलं तर एकच महिना हाती लागतो. ती भिंतीच्या कडेनं चालत बघायची गोष्ट आहे.

तरी एक तक्रार उरते. या चंद्रांमध्ये वडील दिवसभर काय करायचे, ते कुठंच नाही. कुणाच्याही बापाला हे माप लागू पडेल. जपानच्या इशिउची मियाको यांनी २००० साली आई गेल्यावर वेगळी वाट धरली. आईची लिपस्टिक, आतले कपडे, अशा एकेका वस्तूचे फोटो काढले. ‘मदर्स’ ही मालिका २००५ च्या व्हेनिस बिएनालेत जपानच्या दालनात होती. तिथं मोजणी नाही, वापरलेली वस्तू आहे.

आमच्या बारामती-इंदापूरकडं गेलेल्या माणसाचा फोटो ठरलेला असतो: लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला चेहरा, मागं निळा पडदा, स्टुडिओवाल्यानं अंगात चढवलेला कोट. आमच्या भिंतीवरही तसाच आहे. वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होते; कोटात मी त्यांना कधी पाहिलं नाही. ते गेल्यावर एका गळीत हंगामात मी काट्यावरचे फोटो काढले. उसाच्या ट्रॉल्यांची रांग, वजनाची पावती, पहाटे गाडीखाली झोपलेला गाडीवान. वडिलांची मान सतत डावीकडं वळलेली का असायची, ते त्यांच्या खिडकीत कॅमेरा लावल्यावर समजलं. गाड्या डावीकडून येतात.

हे मला चंद्रानं सांगितलं नसतं. पण अशा किती रात्री त्यांनी त्या खिडकीत काढल्या, हा प्रश्न माझ्या एकाही फोटोतून पडला नव्हता. तो ‘एपिलॉग’मुळं पडला. वस्तू माणसाचं काम दाखवते, मोजणी त्या कामाला लागलेलं आयुष्य. मला दोन्ही हवं आहे, आणि ‘एपिलॉग’ त्यातलं अर्धंच देतं. मात्र ते अर्धं फार थोड्यांना जमलंय.

कधी ते प्रिंट समोर आले तर १९७४ सालापाशी थांबा. कल्लाट यांचा जन्म त्या वर्षीचा. तिथून पुढं २४ वर्षं बापलेकांचे चंद्र सामाईक आहेत.