वस्त्रे आणि वर्दी

17 एप्रिल 1720 रोजी कऱ्हाडजवळच्या मसूरच्या मुक्कामी शाहू छत्रपतींनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली. हे वाक्य आपण शाळेपासून वाचत आलो आहोत आणि ‘वस्त्रे दिली’ म्हणजे नेमणूक केली एवढाच अर्थ घेऊन पुढे जातो. पण मराठीने अधिकाराला कापडाचे नाव उगाच दिलेले नाही. पद मिळाले म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचे कापड मिळाले. शिरपाव हा शब्दच तसा घडला आहे. जुन्या कागदांत या वस्त्रांची मोजदाद सनगांनी होते: मंदील, शेला, पटका, किनखाब. यातले बरेचसे कापड न शिवलेले असे. काही अंगावर घ्यायचे, काही डोक्याला बांधायचे, उरलेले शिंप्याकडून बेतून घ्यायचे. त्याबरोबर दर्जाप्रमाणे शिरपेच, तुरा, ढाल-तलवार, घोडा, कधी अबदागीर, कधी नौबत, कधी जरीपटका. मराठा फौजेतला अधिकारी ओळखू येई तो या मानाच्या वस्तूंवरून, कापडाच्या पोतावरून, पागोट्याच्या बांधणीवरून. एकसारख्या शिवणीवरून नव्हे. वर्दी ही वेगळी गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती वेगळ्या वाटेने आली. आज रंगमंचावर, पडद्यावर आणि मिरवणुकीत आपण जे सरदार आणि सरनोबत पाहतो त्यांच्या अंगावर वस्त्रे नसतात, वर्दी असते. ऐतिहासिक वेशभूषेच्या कलेतला आजचा मूळ दोष तो हाच, असे माझे म्हणणे आहे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे या विषयासाठी एकत्र घ्यायला हवेत. 1949 साली सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग वेगळा झाला तो ‘दक्षिण सातारा’ म्हणूनच. सांगली हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. वरच्या अंगाला छत्रपतींची गादी, तळबीडचे हंबीरराव मोहिते, खटावकडच्या भोसऱ्याचे प्रतापराव गुजर. खालच्या अंगाला तासगाव, मिरज आणि सांगलीचे पटवर्धन. शिवाय मराठी रंगभूमी उभी राहिली तीही इथेच. 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि अजूनही 5 नोव्हेंबरला तो दिवस साजरा होतो. ‘भाऊबंदकी’ लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर जन्माने सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. म्हणजे इतिहासातला योद्धा आणि रंगमंचावरचा योद्धा एकाच मातीतले. त्यामुळे ऐतिहासिक पोशाखाची मागणी इथे कधी आटत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुका, गणेशोत्सवातले जिवंत देखावे, शाळांची स्नेहसंमेलने, हौशी नाटके, चित्रीकरणे असा वर्षभर हा व्यवहार चालतो आणि तो बहुतांशी भाड्याच्या ड्रेपरीवर चालतो. मागणी एवढी असूनही या पोशाखाची विद्या पुढे का सरकली नाही, हा खरा प्रश्न आहे.

आज जो सरदार दिसतो त्याचा अंगरखा बहुधा मखमलीसारख्या जाड कापडाचा असतो, रंगाने भगवा, लाल किंवा गर्द निळा. छातीवर आणि मनगटावर यंत्रावरचा चकचकीत कशिदा, कमरेला वीतभर रुंद कातडी किंवा रेक्झिनचा पट्टा, त्यावर पितळी बक्कल, खांद्यावर कातडी किंवा फायबरची तबके. ज्याचा हुद्दा मोठा त्याचा कशिदा दाट. याच्या मुळाशी असलेला बेत शेरवानीचा आहे आणि शेरवानी युरोपीय कोटाचा संस्कार घेऊन आली. गोल मुंढा, खांद्याला दिलेला आकार, छातीला अस्तराचा ताठपणा, पुढे गुंड्यांची सरळ ओळ. जाम्याचा बेत याहून मुळातच वेगळा. वरचा भाग अंगाबरोबर आणि आखूड. एक पाखे दुसऱ्यावर येऊन बंदांनी काखेखाली बांधायचे. खाली कळ्यांचा किंवा चुण्यांचा मोठा घेर. बाही हातापेक्षा लांब कापून मनगटाशी चुण्या पाडून बसवलेली. आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो चौबगला, काखेत जोडलेला तो छोटासा चौकोनी तुकडा. त्याच्यामुळे हात सरळ डोक्यावर गेला तरी कमरेचे कापड वर ओढले जात नाही. पट्टा फिरवणाऱ्या आणि घोड्यावरून भाला पेलणाऱ्या माणसाचा कपडा या तुकड्यावर उभा आहे. शेरवानीच्या बेतावर शिवलेल्या पोशाखात नटाने तलवार उगारली की सगळा अंगरखा खांद्याकडे चढतो, म्हणून नट हात अर्ध्यावरच थांबवतो आणि युद्ध खोटे दिसू लागते. घेराचेही तसेच. तो शोभेचा नव्हता. घोड्यावर मांड टाकली की दोन्ही अंगांनी पसरून मांड्या मोकळ्या ठेवणारा होता. कमरबंदाचे काम कंबर आवळण्याचे आणि पाठीला आधार देण्याचे. कट्यार त्यात खोवायची, तलवार परतल्यात लटकवायची. रुंद ताठ पट्टा कमरेत आला की कट्यारीला जागाच उरत नाही, मग ती चिकटवावी लागते.

हे सगळे अंदाजाने सांगावे लागत नाही. सतराव्या शतकातली शिवाजी महाराजांची चित्रे उपलब्ध आहेत. इटालियन प्रवासी मनुची याच्यासाठी मीर मुहम्मदाने काढलेल्या चित्रात महाराज घोड्यावर आहेत आणि बरोबर पायदळाची माणसे आहेत; डच संग्रहांतली चित्रे आहेत; वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये पुढे आणलेले चित्र आपल्या ओळखीचेच आहे. या चित्रांत जामा, कमरबंद, सुरवार आणि तुरा लावलेले पागोटे दिसते. आज ज्याला आपण सरसकट जिरेटोप म्हणतो तो मोत्यांच्या लडींचा कापडी टोप मात्र वेगळी गोष्ट आहे. जिरे म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. जिरेटोप हे लढाईत घालायचे शिरस्त्राण. दरबारात, मोहिमेच्या मसलतीत, घरी, देवळात डोक्यावर पागोटे किंवा मंदीलच. हा भेद सांगण्यात अनादर नाही. महाराजांना त्यांच्या काळातल्या चित्रकारांनी जसे पाहिले तसे पाहण्याची इच्छा ही आदराचीच आहे. अठराव्या शतकासाठी तर पुरावा आणखी भक्कम आहे. कंपनीबरोबरच्या 1790 च्या तहाच्या वेळच्या पेशव्यांच्या दरबाराच्या चित्रासाठी जेम्स वेल्सने रेखाटने करून ठेवली होती. त्यावरून टॉमस डॅनियलने 1805 मध्ये मोठे चित्र पुरे केले. त्यात एका बाजूला कंपनीच्या साहेबांचे रंगीत कोट आणि समोर पांढऱ्या जाम्यांची दाटी. मराठेशाहीचा दरबारी रंग मुख्यतः पांढरा होता, मलमलीचा होता. झळाळी होती ती शेल्याच्या काठाला, शिरपेचाला, कट्यारीच्या मुठीला. आज आपण ती झळाळी सगळ्या अंगभर पसरून टाकतो आणि मग डोळा कुठेच ठरत नाही.

वर्दीची दृष्टी आपल्याकडे कुठून आली याचेही उत्तर याच भागात सापडते. ब्रिटिश पायदळाच्या कोटाची गळपट्टी आणि कफ यांचे रंग पलटणीनुसार नेमून देणारे फर्मान 1768 चे. त्याच वर्षी मुंबईत कंपनीची जी शिपाई पलटण उभी राहिली तीच पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची जंगी पलटण झाली. पटवर्धनांनी तर दोन्ही तऱ्हा एकाच छावणीत पाहिल्या. 1790-91 च्या धारवाडच्या वेढ्यात परशुरामभाऊंच्या फौजेबरोबर कॅप्टन लिटलची तुकडी होती आणि तिच्यातल्या एडवर्ड मूरने त्या मोहिमेवर 1794 मध्ये पुस्तकच प्रसिद्ध केले. एकीकडे कोटाच्या कफावरून पलटण कळणारे अधिकारी, दुसरीकडे प्रत्येक पथकाचा आपला थाट असलेले सरदार. महादजी शिंद्यांच्या कंपूंनी कवायतीबरोबर शिवलेली वर्दीही उचलली. पुढे सातारा-सांगलीतली घरेच्या घरे फौजेत गेली. अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोळ्यांनी इस्त्रीची, फितीची, बिल्ल्याची वर्दी अभिमानाने पाहिली त्यांना शिस्त म्हणजे एकसारखेपणा वाटणे साहजिक आहे. म्हणून हंबीररावांच्या स्वारांनाही आपण एकाच ताग्यातल्या कापडाचे अंगरखे शिवतो. पण सभासदाची बखर वाचली तर शिवकालीन फौजेची शिस्त कुठे होती ते दिसते: पंचवीस बारगीरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, सगळ्यांवर सरनोबत. मोहिमेवरून आलेल्या कापडाचाही हिशेब सरकारात द्यावा लागे. शिस्त रचनेत आणि हिशेबात होती, शिवणीत नव्हती. बारगीराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचे. घोडा आणि हत्यारच जिथे एका साच्यातले नव्हते, तिथे कपडे एकसारखे कुठले असणार?

यावर पहिला आक्षेप प्रेक्षकाच्या बाजूने येतो आणि तो गंभीर आहे. पडद्यावर शेकडो माणसे लढत असताना आपला कोण, परका कोण, सेनापती कोण हे क्षणात कळायला हवे. एका बाजूला भगवा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा हा त्यावरचा सोपा उपाय. पण तो उपाय इतिहासाला आणि कलेलाही महागात पडतो. मराठे आणि मोगल सरदारांचा पोशाख बेताने फार जवळचा होता. शाहू महाराज 1689 पासून 1707 पर्यंत मोगल छावणीत वाढले. साताऱ्याच्या दरबारावर त्या रीतिरिवाजाची छाप असणारच. फरक होता तो बारकाव्यात. त्या काळच्या चित्रांत हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली आणि मुसलमान सरदारांचे उजव्या काखेखाली दिसतात. पागोट्यांच्या बांधणीत घराणी, प्रांत, जाती वाचता येत. प्रेक्षकाला हे आधी कळणार नाही हे खरे. पण दहा मिनिटांत तो शिकतो. मोठ्या गर्दीत ओळख पटवण्यासाठी निशाणे, नौबत, अबदागीर, जरीपटका होतेच. ज्या साधनांनी त्या काळी रणांगणावर सेनापती ओळखला जाई ती पडद्यावरही पुरेशी आहेत.

दुसरा आक्षेप असा की त्या काळचे कपडे उरलेच कुठे? हे अर्धेच खरे आहे. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममध्ये जुने जामे जपलेले आहेत आणि ब्रजेंद्रनाथ गोस्वामी यांनी 1993 मध्ये त्या संग्रहावर सविस्तर ग्रंथ लिहिला. डॉ. घुर्ये यांचे भारतीय पोशाखावरचे पुस्तक 1951 चे. वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात मराठा शैलीची भित्तिचित्रे आहेत, औंधच्या भवानी संग्रहालयात चित्रांचा मोठा साठा आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून जे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापले त्यांत लढाया शोधणारे अभ्यासक पुष्कळ झाले; कापड, पोशाख आणि बहुमान यांच्या उल्लेखांसाठी ते चाळणारे हवे आहेत. खरेशास्त्री स्वतः नाटककारही होते. इतिहासकार आणि नाट्यलेखक एकाच माणसात नांदत होता अशा गावात शिंपी आणि दप्तर यांची गाठ पडू नये, याची मला खंत वाटते.

तिसरा आक्षेप पैशाचा. खरे तर मखमल, यंत्राचा कशिदा आणि फायबरचे चिलखत यांपेक्षा चांगल्या सुती मलमलीचा जामा स्वस्त पडतो. खर्च होतो तो वेळेचा: घेर कापण्याचा, बंद शिवण्याचा, पागोटे प्रत्येक नटाच्या डोक्यावर बांधण्याचा. तयार शिवलेला फेटा टोपीसारखा चढवता येतो म्हणून बांधणीचे कसब मागे पडत चालले आहे, आणि पगडबंदाचा धंदा मोडला की तो पुस्तकावरून परत उभा करता येत नाही. मोठ्या चित्रपटांकडे पैसा नाही असेही म्हणता येत नाही. 2020 च्या ‘तान्हाजी’च्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, या कामाकडे आता मानाने पाहिले जाते ही आनंदाचीच गोष्ट. पण भव्यता आणि अचूकपणा यांत निवड करावीच लागते असे नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवले ते खादीच्या साध्या, वापरून मऊ झालेल्या कापडावर. कपडा अंगावर जगलेला दिसला पाहिजे, ही त्या कामाची शिकवण आपल्या ऐतिहासिक चित्रपटांनी अजून पुरती घेतलेली नाही. आपला सरनोबत दोनशे कोस दौडून आला तरी त्याच्या अंगरख्यावर एक चुणी नसते.

यावर करता येण्यासारखे काम आवाक्यातले आहे. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात 2024 मध्ये लंडनची वाघनखे पाहायला माणसे रांगा लावून आली. त्याच संग्रहालयाने, औंधच्या संग्रहालयाने आणि सांगलीच्या नाट्यसंस्थांनी मिळून जुन्या जाम्यांच्या मापांवरून तीन-चार बेत कागदावर उतरवावेत: जामा, बाराबंदी, कापूस भरलेला डगला, सुरवार. चौबगला कुठे येतो, कळ्या किती, बंद कुठे, हे शिंप्याला कळेल अशा भाषेत आणि मापांसह छापावे. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक ड्रेपरीवाल्याच्या आणि शाळेच्या हाती ते द्यावे. पागोटे बांधणाऱ्या जुन्या कारागिरांकडून त्यांच्या बांधण्या चित्रित करून घ्याव्यात, आणि हे काम त्यांचे हात चालताहेत तोवर करावे. येत्या शिवजयंतीला एखाद्या मंडळाने भाड्याची मखमल बाजूला ठेवून एकच जामा नीट बेतून शिवून घेतला तरी चालेल. तो घालणाऱ्या मुलाचा हात तलवारीसह सरळ वर जातो की नाही, एवढे फक्त पाहावे.