निसटलेली सम

४ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी आपल्याकडे बहुतेकांचा जीव बॉक्सर लव्हलिनाच्या उपान्त्य लढतीत आणि दुपारच्या महिला हॉकीत अडकलेला होता. लढतीला वेळ होता, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास मी टोकियो ऑलिंपिकमध्ये दुसरं काय चाललंय ते बघत बसलो. पडद्यावर एक भलामोठा काँक्रीटचा हौद, आणि त्यात एका फळीवर उभी राहून वरखाली करणारी बारा-तेरा वर्षांची पोर. महिलांच्या पार्क स्केटबोर्डिंगची अंतिम फेरी. चहा निवून गेला. ती अंतिम फेरी मी नंतर इतक्यांदा पाहिली आहे की, तिच्याबद्दल आता एखाद्या मैफलीबद्दल बोलावं तसंच बोलता येतं.

या खेळाची रंगभूमी म्हणजे तो हौद. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरांनी त्यांच्या गोल भिंतींवर फळ्या पळवायला सुरुवात केली. आजच्या पार्कची वळणं तिथून आली. इंग्रजीत या हौदाला ‘बोल’ म्हणतात. तबल्याच्या बोलांशी त्याचं काही नातं नाही, पण मला ते जोडल्यावाचून राहवत नाही, कारण इथे सगळा हिशेब लयीचाच आहे. प्रत्येकीला पंचेचाळीस सेकंदांच्या तीन फेऱ्या, त्यांतली सर्वोत्तम धरायची. पंचेचाळीस सेकंदांत आलाप, तान, तिहाई सगळं उरकायचं.

आणि वेग कुठून येतो? पाय जमिनीला मारून नव्हे. उतारावर गुडघे वाकवायचे, वळणाच्या पोटात शरीर ताठ करायचं, आणि ते नेमक्या क्षणी. पंचमीला झाडाच्या झोक्यावर उभं राहून ज्यांनी झोका चढवला आहे, त्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दोन्हींचं पदार्थविज्ञान एकच.

त्या दिवशी स्टँड रिकामे होते. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. बाकीच्या खेळांना ती शांतता बोचली असेल, या खेळाला मात्र ती मानवली. गर्दीच्या गोंगाटाखाली एरवी जे गाडलं जातं, ते ऐकू येत होतं. काँक्रीटवर चाकांची अखंड घरघर, काठापाशी ती एकदम तुटते, फळी हवेत, आवाज शून्य, आणि मग खट्! चारही चाकं परत भिंतीवर. कधी चाकांमधला धातूचा आसच हौदाच्या काठावर घासत जातो, तेव्हा विळीची धार दगडावर काढावी तसा खरखरीत सूर निघतो. बारा वर्षांच्या हिराकी कोकोनाच्या फेऱ्यांमध्ये हा काठावरचा सूर लांबच लांब चालतो. तिची अर्धी गंमत ऐकण्यात आहे.

योसोझुमी साकुराची शैली वेगळी. एकोणीस वर्षांची, म्हणजे या घोळक्यातली थोरली ताईच. पहिल्याच फेरीत तिनं दोन ‘फाइव्ह-फोर्टी’ घेतल्या. हवेत, फळीसकट, दीड गिरकी. गिरकी पूर्ण एक असती तर तोंड भिंतीकडेच राहून पाठमोरं उतरावं लागलं असतं. त्या जादा अर्ध्या गिरकीमुळे उतरताना तोंड पुन्हा उताराकडे येतं. एक घेतली तरी श्वास रोखला जातो, हिनं दोन घेतल्या. ६०.०९ गुण, आणि शेवटपर्यंत त्यांना कुणी गाठलं नाही. ही दीड गिरकी तिरकी उलटी घेतली की तिला मॅकट्विस्ट म्हणतात. माइक मॅकगिलनं ती १९८४मध्ये घेतली आणि एका बाईनं, लिन-झी अ‍ॅडम्स हॉकिन्सनं, ती उतरवली २००९मध्ये. अडीच गिरक्यांची ‘नाइन हंड्रेड’ टोनी हॉकनं १९९९मध्ये पुरी केली. मुलींमध्ये ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूनं २०२४मध्ये, चौदाव्या वर्षी. दोन्हीकडे बरोबर पंचवीस वर्षं. या पंचवीस वर्षांत गुरुत्वाकर्षण काही कमी झालेलं नाही. हौदाशी रोज सकाळी जाणाऱ्या मुली वाढल्या, एवढंच.

आता ज्या फेरीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

ओकामोतो मिसुगू, वय पंधरा. जगात पहिल्या क्रमांकाची, २०१९ची जगज्जेती. सकाळच्या पात्रता फेरीतही अव्वल, म्हणून अंतिम फेरीत सगळ्यांत शेवटी उतरणारी. शेवटच्या फेरीला उतरताना ती पदकांच्या बाहेर होती. तिसरी फेरी. ती हौदात सुटते, आणि पहिल्या दोन वळणांतच कळतं की ही आता मोजूनमापून खेळणार नाही. खांदे सैल, हात जवळ, उंची इतरांपेक्षा वीतभर जास्त. एक झालं की दुसरं, मधे श्वास घ्यायला जागा नाही. तयारीचा गवई द्रुतमध्ये शिरला की तबलजीकडे बघत नाही, तसं. मग येते किकफ्लिप इंडी. हवेत असताना पायाच्या टोकानं फळीला गिरकी द्यायची. ती स्वतःच्या लांबीभोवती कुशीवर वळल्यासारखी फिरते, त्या अवधीत पावलं आणि फळी यांच्यात फक्त हवा. फळी सुलटी झाली की मागच्या हातानं तिची कड पकडायची, पायांखाली ओढायची, आणि उतरायचं. फळी फिरली. पाय मात्र तिच्यावर बसले नाहीत. ती काँक्रीटवर आपटली.

चौथी. ५३.५८. तिसऱ्या आलेल्या स्काय ब्राउनचे ५६.४७.

ती रडत वर आली, तेव्हा हरलेल्या आणि जिंकलेल्या सगळ्याजणी धावल्या. त्यांत पाचवी आलेली ऑस्ट्रेलियाची पॉपी स्टार ऑल्सेन होती, सहावी आलेली अमेरिकेची ब्राइस वेटस्टीन होती. त्यांनी तिला खांद्यावर उचललं. हा फोटो जगभर फिरला, आणि त्याखाली ‘किती गोड मुली’, ‘खिलाडूवृत्तीचा आदर्श’ वगैरे मजकूर वाहत आला. मला तो वरवरचा वाटतो, थोडा अपमानकारकही. पुरुषांच्या अंतिम सामन्यानंतर कुणी ‘किती गोड मुलगे’ म्हणत नाही.

माझं वाचन निराळं आहे. मैफलीत एखादा गवई अवघड तान घेतो आणि समेवर येता येता निसटतो. सामान्य श्रोता हळहळतो. पण पुढच्या रांगेत बसलेले चार गाणारे ‘क्या बात है’ म्हणतात, कारण तो कुठे निघाला होता हे त्यांना कळलेलं असतं. तिथे जायला छाती किती लागते, हेही. मिसुगूला उचलणं हे सांत्वन नव्हतं, ती दाद होती. त्या क्षणी जगात जेमतेम वीसेक जणींना कळलं असेल की ती काय करायला गेली होती, आणि त्यांतल्या सात तिथेच हौदाच्या काठावर उभ्या होत्या. स्काय ब्राउन स्वतः पहिल्या दोन फेऱ्यांत पडली होती. तिसरीच्या आधी साकुरानं तिला ‘तुला जमेल’ म्हणून धीर दिला, असं तिनं नंतर सांगितलं. वर्षभरापूर्वी सरावात पडून स्कायची कवटी फुटली होती. पडणं म्हणजे काय हे इथे प्रत्येकीला अंगावर ठाऊक होतं.

दाद द्यायला बरोबरीच्या लागतात. पूर्वी त्या नव्हत्या. ‘लाइफ’ मासिकाचं १४ मे १९६५चं मुखपृष्ठ बघा. पॅटी मॅकगी, वय एकोणीस, साकुराएवढीच. लाल टॉप, पांढरी विजार, अनवाणी. चालत्या फळीवर हातांच्या आधारानं उलटी उभी, पाय आभाळात. चाकं तेव्हा मातीच्या मिश्रणाची, खडा आला की जागच्या जागी अडणारी. म्हणजे ही नजाकत जिवावरची. अमेरिकेची पहिली राष्ट्रीय महिला विजेती ती. शेजारी शीर्षक मात्र या खेळाचं ‘वेड आणि उपद्रव’ सांगणारं, आणि चौकटीत ती एकटीच. दहा वर्षांनी कॅलिफोर्नियाच्या गाजलेल्या झेफिर संघात पेगी ओकी आली, तीही एकटीच मुलगी. या दोघी हौदात किंवा रस्त्यावर पडल्या असतील, तेव्हा काठावरून ‘क्या बात है’ कोण म्हणालं असेल?

२०२२च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणलं, तेव्हा मी बातमीतला फोटो जरा मोठा करून पाहिला. पदकासाठी नव्हे. काठावर आणखी किती मुली उभ्या आहेत, ते मोजायला.