चौकट मोगल, चेहरा विजापुरी

प्राग शहरातील नाप्रस्तेक संग्रहालयात एक चित्र आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह त्यात तंबूर वाजवत बसला आहे. चित्र जहांगीर बादशाहाच्या मुरक्क्यात, म्हणजे चित्रे आणि सुलेखन एकत्र बांधलेल्या संग्रहात, डकवलेले होते. त्याची चौकट मोगल. त्यावरचा मजकूर जहांगीरचा कातिब मुहम्मद हुसेन जरीन-कलम याने हिजरी १०१९ मध्ये, म्हणजे इ. स. १६१०-११ च्या सुमारास लिहिला. त्यात राजाचा उल्लेख ‘इब्राहिम आदिल खान दखनी’ असा येतो. ‘शाह’ नाही, ‘खान’. दख्खनच्या सुलतानांना मोगलांनी शाह ही पदवी कधी मनापासून दिली नाही. दख्खनी संगीतात हा स्वतःला सर्वांहून श्रेष्ठ समजतो, असा टोमणाही कातिबाने मारला आहे. आणि मग चित्रकाराचे नाव : फर्रूख बेग.

हा राजा आपल्याला परका नाही. ‘किताब-ए-नवरस’ दख्खनीत रचणारा, त्याच ग्रंथात सरस्वतीला वंदन करून हजरत बंदानवाज गेसूदराजांचीही स्तुती गाणारा, गळ्यात रुद्राक्षांची माळ घालून स्वतःची चित्रे काढून घेणारा हा सुलतान. प्रश्न आहे तो त्याला रंगवणाऱ्या माणसाचा.

मोगल कागदपत्रांत फर्रूख बेगची नोंद स्पष्ट आहे. काबूलच्या मिर्झा हकीमचा हा मुसव्विर १५८५ मध्ये अकबराच्या सेवेत आला. १६०९ मध्ये जहांगीरने त्याला दोन हजार रुपये दिले आणि या काळात त्याच्या तोडीचा कोणी नाही असे आपल्या आठवणींत लिहिले. मधल्या काही वर्षांत मात्र तो मोगल दप्तरात कुठेच सापडत नाही. नेमक्या त्याच काळात विजापूरचा कवी जुहूरी आपल्या गद्यात ‘फर्रूख हुसेन’ नावाच्या चित्रकाराची तारीफ करतो. हे दोघे एकच, असे रॉबर्ट स्केल्टन यांनी १९५७ मध्ये ‘आर्स ओरिएंटालिस’ या नियतकालिकात मांडले. धाडसी विधान होते. आधार मुख्यतः नजरेचा : झाडांची पाने, चेहऱ्यांची ठेवण, कपड्यांच्या चुण्या. पुष्कळांना ते पटले नाही. १९९५ मध्ये जॉन सेलर यांनी फर्रूखच्या दख्खनमधील वास्तव्यावर लेख लिहिला आणि प्रागच्या मजकुराला त्याचे खरे वजन आले. आता बहुतेक अभ्यासक स्केल्टन यांच्या बाजूला आहेत.

म्हणजे ज्या मजकुराने हे कोडे सोडवायला मदत केली तो चित्राच्या अंगावरच होता. तो वाचायला फारसी हवी होती, आणि दख्खनमध्येही असा उस्ताद असू शकतो हे मान्य करायची तयारी हवी होती. पहिली गोष्ट युरोपातल्या संग्रहालयांकडे होती. दुसरी यायला वेळ लागला. आपण तरी वेगळे काय करतो? जुने दरबारी चित्र दिसले की सरसकट ‘मोगल’ म्हणून पुढे जातो.

ही चूक समजण्यासारखी आहे, हेही सांगायला हवे. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर चित्रे विजेत्यांबरोबर गेली. मोगल सैन्यातील बिकानेरच्या राजांनी दख्खनमधून नेलेली चित्रे बिकानेरच्या संग्रहात राहिली. ग्रंथांतून पाने सुटली, नवे हाशिये चढले. १९३७ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी दख्खनच्या चित्रकलेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, पुढे डग्लस बॅरेट आणि १९८३ मध्ये मार्क झेब्रोव्स्की यांनी ती वाट रुंद केली. झेब्रोव्स्कींनी निनावी उस्तादांना शहरांची आणि ग्रंथालयांची नावे दिली : डब्लिन चित्रकार, बोडलियन चित्रकार. विजापूरच्या माणसाने डब्लिनचे नाव धारण करावे हे विचित्रच. पण ‘अज्ञात मोगल’पेक्षा ते प्रामाणिक आहे. बोडलियन चित्रकाराला तर पुढे अली रझा हे स्वतःचे नावही मिळाले.

माझी तक्रार इथून पुढची आहे. एकदा फर्रूख सापडला की प्रत्येक चांगले पान त्याच्या पदरात टाकण्याचा मोह होतो. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातील योगिनी पाहा : राखेच्या रंगाची उंच स्त्री, अंगावर सोने, हातावर मैना, मागे दूर एक महाल. तिच्या चित्रकाराची सही नाही. मग तो इराण-काबूलकडून आलेलाच असला पाहिजे का? विजापुरात वाढलेल्या, कदाचित घरी दख्खनीच बोलणाऱ्या एखाद्या कारागिराचा हात इतका सधा नसेल? मोगल लेबल काढून तिथे फक्त बाहेरून आलेल्या उस्तादाचे लेबल लावायचे असेल, तर स्थानिक माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो. सही नसेल तिथे ‘विजापूर, अज्ञात’ लिहावे.

पुसण्याची गोष्ट निघाली म्हणून पुण्याचे उदाहरण देतो. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र प्रत आहे. आफताबी या कवीचे हे काव्य अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची थोरवी सांगते, आणि १५६५ च्या सुमाराची ही चित्रे दख्खनमधील सर्वांत जुन्या चित्रांपैकी आहेत. त्यांतल्या कित्येक पानांवर राजाच्या शेजारी राणी खुंजा हुमायूं होती. ही चांदबीबीची आई. पतीच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या वतीने राज्य चालवले, १५६९ मध्ये त्याच मुलाने तिला कैदेत टाकले, आणि नंतर कोणीतरी तिची आकृती एकेका पानावरून पुसली. सिंहासनाजवळच्या त्या जागेकडे नीट पाहिले, तर रंगाच्या फरकाट्याखाली तिची बाह्यरेषा अजून कळते.