स्थळदर्शन आणि कलास्वाद

कलाकृतीचे मूळ स्थळ पाहून आल्याने तिचा आस्वाद वाढतो काय, हा प्रश्न आपल्याकडे कादंबरीच्या संदर्भात अधूनमधून निघतो. रेखाटनांतून सजीव केलेल्या चित्रपटाच्या, म्हणजे अ‍ॅनिमेशनपटाच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. छायाचित्रित चित्रपटात स्थळ स्वतःच हजर असते. येथे मात्र कोणी रेखाटल्यावाचून झाडाचे पानही हलत नाही. मग प्रेक्षक मूळ स्थळी काय शोधावयास जातो?

जपानमधील दोन उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत. हायाओ मियाझाकी यांच्या १९८८ च्या 'माय नेबर तोतोरो' या चित्रपटामागे टोकियोजवळील सायामा टेकड्यांचा परिसर आहे. तेथील रान विकत घेऊन राखण्यासाठी १९९० साली लोकनिधी सुरू झाला व त्याला तोतोरोचेच नाव मिळाले. इसाओ ताकाहाता यांच्या १९९४ च्या 'पोम पोको'ची गोष्ट याच्या उलट आहे. तामा टेकड्यांवर नवे नगर वसविण्याची योजना १९६५ साली ठरली आणि १९७१ पासून तेथे लोक राहावयास आले. चित्रपटातील तानुकी हे मायावी रानप्राणी या नगराशी झुंजतात व हरतात. अखेरीस उरलीसुरली विद्या पणाला लावून जुना परिसर क्षणभर पुन्हा उभा करतात. त्यात युद्धाचा डाव नाही. आपले गाव एकवार डोळे भरून पाहण्याची ती इच्छा आहे.

भट्टनायकाचा साधारणीकरणाचा सिद्धान्त येथे आठवतो. कलेत स्थळाचे 'अमुक गावचे' हे विशेषण गळून पडते, म्हणूनच ते परक्या प्रेक्षकाचेही होते. तेव्हा 'हेच ते झाड' असे बोट दाखविणारा प्रवासी कलाकृतीने साधलेले पुन्हा मोडीत असतो, हा आक्षेप आम्हांस बराचसा मान्य आहे. स्थळ हे कलाकृतीचे प्रमाणपत्र नव्हे. परंतु आक्षेप येथेच संपविणे बरोबर नाही. सायामाचा प्रवासी चित्रातून रानाकडे वळला, आणि रानाला त्याचा उपयोग झाला. साधारणीकरण रसिकाला विशेषाच्या ऋणातून मुक्त करीत नाही.

हे आम्हांस उमगले ते सुप्याला. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील हे गाव एकेकाळी तालुक्याचे ठिकाण होते. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पुरे झाले. गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले आणि विस्थापितांपैकी अनेक रामनगरला वसले. 'सुपा' हे नाव आता प्रामुख्याने धरणाचे आहे. जलाशयाच्या काठी उभे राहून आम्ही पाहिले ते केवळ पाणी आणि त्याभोवतीचे रान. पाणी सुंदर होते, हीच अडचण होती: त्या सौंदर्यात खाली गाव असल्याची एकही खूण नव्हती.

येथे स्थळदर्शनाचा क्रमच उलटा होतो. सायामात आधी चित्र पाहावे, मग स्थळ. सुप्यात स्थळ पाहण्यासाठीच आधी चित्र हवे. कोणती वाट संगमाकडे उतरे, बाजार कोठे भरे, हे सांगू शकणारी माणसे आज वृद्ध आहेत. तानुकींनी क्षणभर केले ते येथे कोणा लेखकाला वा चित्रकाराला करावे लागेल. ते त्या माणसांच्या हयातीत झाले नाही, तर साधारणीकरण करावयास विशेषच उरणार नाही.