गार्सियाचे मृत्युपत्र आणि इर्विनच्या गिटारी

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी वारला. डग इर्विनने घडवलेल्या आपल्या सगळ्या गिटारी इर्विनलाच मिळाव्यात, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. रोख पैसे मोजून घेतलेले वाद्य मरताना ते घडवणाऱ्याच्या स्वाधीन करायचे! हा प्रसंग एरवी हळवा किस्सा म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात एक विधान दिसते. वाद्य घडवणे हेही एक कर्तृत्व आहे, विकत घेणाऱ्याकडे ते पूर्णपणे हस्तांतरित होत नाही, असे ते विधान. ते कितपत टिकते, हे पाहण्यासारखे आहे.

अडचण इलेक्ट्रिक गिटारपासूनच सुरू होते. तंबोऱ्याचा भोपळा स्वतः घुमतो. भरीव लाकडाच्या गिटारला तसे पोट नसते. तारेचे कंपन ‘पिकअप’ नावाचे चुंबकावरचे वेटोळे टिपते आणि पुढचा आवाज अँप्लिफायर काढतो. मग हाताने घडवणाऱ्याने केले काय? या धंद्यातले नेहमीचे उत्तर म्हणजे लाकूड. कोकोबोलो, मेपल, रोझवुड यांच्या रेषांची वर्णने एखाद्या पैठणीच्या काठासारखी केली जातात. या वर्णनांचा मला कंटाळा आहे. त्यांत वाद्य दिसते, वाजणे दिसत नाही.

इर्विनची ‘टायगर’ घ्या. मागणी १९७३ची, हाती आली १९७९मध्ये. वेगवेगळ्या लाकडांचे थर एकमेकांवर चिकटवलेले, पितळी जोडकाम, शिंपल्याच्या जडावाचा वाघ. वजन साडेतेरा पौंड, म्हणजे सहा किलोंच्या वर; साधारण गिटारीच्या दीडपटीहून अधिक. डोळ्यांना ही श्रीमंती पुरते. पण खरी हुशारी आत आहे. नेहमीच्या गिटारीत आवाज कमी केला की पुढच्या इफेक्ट-पेटीकडे जाणारा संदेशही क्षीण होतो. गार्सिया वापरत असे तो एन्व्हलप फिल्टर तर तारेवरच्या आघाताच्या जोरावरच उघडतो. हळू वाजवायला जावे तर तो मिटूनच राहणार. टायगरमध्ये पिकअपचा संदेश पूर्ण ताकदीने बाहेर जातो, इफेक्टांमधून फिरून परत गिटारीत येतो आणि मग आवाजाच्या बटणापाशी पोहोचतो. म्हणून कुजबुजीएवढ्या आवाजातही इफेक्टचा रंग शाबूत राहतो. मिरजेचा कारागीर गवयाला हवी तशी जवारी लागेपर्यंत घोडी घासत राहतो, त्याच जातीचे हे काम आहे. फक्त हत्यार कानसीऐवजी डागणीचे.

मात्र हे सारे एकट्या इर्विनचे म्हणता येत नाही. गरज वादकाची होती. पिकअप डिमार्झिओ कंपनीचे, बाजारात कुणालाही मिळणारे. इलेक्ट्रॉनिक जुळणी म्हणजे बँडच्या भोवतालच्या तंत्रज्ञांचे सामायिक ज्ञान. इर्विन स्वतः ‘अलेंबिक’ या कार्यशाळेतून आलेला, आणि ती संस्था याच मंडळींत वाढली. आधीच्या ‘वुल्फ’ गिटारीवर गार्सियाने गंमत म्हणून लांडग्याचे एक स्टिकर चिकटवले होते. गिटार पॉलिशसाठी परत आली तेव्हा इर्विनने ते काढून फेकले नाही, त्याच लांडग्याचा जडाव करून टाकला. आता तो लांडगा कोणाचा? मृत्युपत्र एकच नाव घेते, इथे ते अपुरे पडते. तरीही गार्सियाची चूक उदार बाजूला झुकलेली आहे, आणि मला ती उलट्या चुकीपेक्षा पसंत आहे. आपण तर ‘मिरजेचा तंबोरा’ म्हणून गावाचे नाव घेतो आणि मोकळे होतो.

बँडच्या कंपनीने हरकत घेतली: गिटारी कंपनीच्या पैशाने घेतलेल्या, त्या गार्सियाच्या नव्हत्याच. मालकीची ही कल्पना कायद्याला सोपी जाते. पावती ज्याची, वस्तू त्याची. शेवटी तडजोड झाली. टायगर आणि वुल्फ इर्विनकडे गेल्या, उरलेल्या बँडकडे राहिल्या. इर्विन तोवर हलाखीत होता. मे २००२मध्ये न्यूयॉर्कला त्याने दोन्ही लिलावात काढल्या. टायगरला ९,५७,५०० डॉलर आले, वुल्फला ७,८९,५००.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. पैसे कारागिराला मिळाले, हे चांगलेच झाले. पण बोली कशावर लागली? गार्सियाच्या बोटांवर. शिकागोच्या सोल्जर फील्डवर ९ जुलै १९९५ रोजी, बँडबरोबरच्या त्याच्या अखेरच्या कार्यक्रमात, ‘रोझबड’ बिघडली म्हणून टायगर बाहेर काढावी लागली, त्या संध्याकाळीवर. संग्राहकाला स्पर्श हवा होता. गिटारीत फिरून परत येणाऱ्या त्या संदेशाची किंमत कोणी केली असेल असे वाटत नाही. मृत्युपत्राने जे कर्तृत्व इर्विनच्या नावावर लिहिले, ते बाजाराने त्याच्याच हातून विकत घेऊन पुन्हा गार्सियाच्या नावावर केले. २०१७मध्ये वुल्फ परत लिलावात आली आणि १९ लाख डॉलरना गेली. तेव्हाही मथळ्यांत नाव गार्सियाचेच होते.